जुन्या गाड्यांचं दुकान, जळगाव: रंग सोडून बाकीचंही मलाच विचारलं

पाचापैकी चार तारे. एक कापलाय, त्याचं कारण दुसरी चावी. ते पुढे सांगते.

दुकान हायवेला लागून आहे, बाहेरून बघाल तर थांबावंसं वाटणार नाही. पत्र्याची शेड, खाली धूळ, ओळीने उभ्या स्कूटर आणि बाईक, टेबलामागे चष्मा कपाळावर ठेवलेले एक काका. एसी नाही, चहा मात्र दोनदा आला. तरी चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर पहिली गाडी घ्यायची असेल तर मी हेच दुकान सांगेन. वडिलांच्या पैशाने घ्यायची असेल तर कुठूनही घ्या, फारसा फरक पडत नाही.

मी नशिराबादची. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात बिलिंग आणि ई-वे बिलं बघते. एसटीचं तिकीट आम्हा बायकांना २०२३ पासून निम्म्यात आहे, त्यामुळे नुसत्या पैशाच्या हिशेबात गाडी हरते हे आधीच सांगते. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग धरलं तर एसटीच स्वस्त. पण एसटी अजिंठा चौफुलीला सोडते, आमच्या कारखान्याच्या गल्लीत नाही. मार्चएंडला सातच्या पुढे थांबावं लागलं की शेअर रिक्षा भरायची वाट बघत उभं राहायचं आणि घरून फोनवर फोन. मला पैसे नाही, संध्याकाळ वाचवायची होती. एवढं एक डोक्यात स्पष्ट झालं तेव्हा बाकीचं सोपं गेलं.

सोपं म्हणजे घरच्यांना सोडून. पप्पांचं म्हणणं, "लग्नात देऊच की गाडी, आत्ता कशाला?" मामांचं म्हणणं, जुनी कशाला, हप्त्याने नवी घे. काकूचं म्हणणं, घ्यायचीच तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घे, साडेतीन मुहूर्तातला दिवस आहे. कोणीच चुकीचं बोलत नव्हतं, हीच अडचण होती. चुकीचं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी एवढंच केलं, की प्रत्येकाच्या म्हणण्यातलं माझ्या कामाचं काय ते काढून घेतलं. मामांकडून हप्त्याचा आकडा घेतला, काकूकडून तारीख, आणि पप्पांना विचारलं, "लग्नातली गाडी कोणाच्या नावावर असते हो?" ते पेपर वाचायला लागले. आजी अमळनेरकडची, अहिराणीशिवाय बोलत नाही. ती म्हणाली, "मरजी तुनी, माय. पैसा तुना, चालावनारी तू."

जाण्याआधी मी मोबाईलमध्ये एक आकडा लिहून ठेवला होता: अठ्ठावन्न हजार, नाव ट्रान्सफर आणि विम्यासकट. पोस्टातली आरडी मोडायची नाही, साठलेल्यातच बसवायचं. दुकानात गेल्यावर आकडा ठरवायचा नसतो, तिथे तो दुकानदार ठरवतो.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. त्याचं नाव-गाव सोडा. सोबत चुलतभाऊ होता, कारण त्याला इंजिनातलं कळतं. तिथला माणूस इंजिन, ॲव्हरेज, किंमत सगळं दादाला सांगत होता आणि माझ्याकडे वळून विचारलं काय, तर "ताईंना कलर कोणता आवडेल?" गाडीचं मीटर अकरा हजार दाखवत होतं, पण पायाखालचा रबर गुळगुळीत आणि दोन्ही टायर बदललेले. अकरा हजारात दोन्ही टायर बदलावे लागत नाहीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं असणार. आम्ही निघालो.

या दुकानात काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चालवणार कोण?" मी म्हटलं, मी. त्यानंतर ते माझ्याशीच बोलले. दादा शेजारी बसून चहा पीत होता आणि त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं असावं.

मी घेतलेली गाडी २०२१ ची ॲक्टिवा सिक्स-जी, मीटरला सव्वीस हजार. म्हणजे बीएस-सिक्स (धुराच्या नव्या नियमात बसणारी), पुढे टेलिस्कोपिक सस्पेन्शन (खड्ड्यात दणके कमी), आणि पेट्रोल भरायला सीट उचलावी लागत नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनावर हात ठेवला. थंड होतं. थंड गाडी पहिल्या बटणात सुरू झाली, सायलेन्सरमधून निळा धूर नाही. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. गरम करून ठेवलेली गाडी हे सगळं लपवते.

मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ते वाचायला शिका. पुढच्यावर ०७२१ होतं, म्हणजे २०२१ चा सातवा आठवडा, कंपनीतूनच आलेला. मागच्यावर ४१२३, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरातला. मागचा टायर आधी झिजतो, सव्वीस हजारात एकदा बदलला असेल तर मीटर खरं बोलतंय असं धरायला हरकत नाही. पुढचा टायर मात्र आता म्हातारा झालाय. ते मी काकांना दाखवलं आणि त्याचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. मेहरूण तलावाच्या बाजूला चक्कर मारली, हँडल सोडल्यासारखं धरून बघितलं, गाडी एका बाजूला ओढत नव्हती.

कागदांच्या बाबतीत दुकान चोख आहे, आणि मी दिवसभर कागदच बघते म्हणून हे बोलते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. यांचं भिंतीवर लावलेलं आहे, मुदत वाचून घेतली. आधीच्या मालकाने कर्जावर गाडी घेतली होती, तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ फाईलमध्ये होते, आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून, बोजा उतरलेला होता. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० माझ्यासमोर भरले. कोऱ्या फॉर्मवर सही मागितली नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी मी टेबलावरच ताडून बघितलं, काकांनी भुवई उंचावली नाही. हेल्मेट नसल्याचं एक जुनं ई-चलान निघालं. ते त्यांनी भरून पावती दिली.

विम्याचं एक समजून घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. त्यामुळे "विमा २०२६ पर्यंत आहे" हे खरं होतं, पण तो समोरच्यासाठी. माझ्या गाडीचं नुकसान झालं तर देणारा भाग कधीच संपला होता. तो मी वेगळा काढला. आणि पॉलिसीवर नाव बदलायला गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो.

फॉर्म भरताना काकांनी पेन वर धरून विचारलं, "नाव कोणाचं लिहू?" दादा सवयीने म्हणाला, "काकांचं लिहा, तिच्या वडिलांचं." तो काही वाईट हेतूने बोलला नाही. आमच्याकडे घर, शेत, ट्रॅक्टर, सगळं असंच लिहिलं जातं. दुकानदार काकांनी लिहिलं नाही. पेन तसाच, नजर माझ्याकडे. मी आधार कार्ड पुढे सरकवलं. त्यांनी त्यावरून बघून माझं पूर्ण नाव लिहिलं आणि स्पेलिंग एकदा वाचून दाखवलं. चारातला एक तारा तर नुसता या थांबण्याचा आहे.

फायनान्सचा आग्रह थोडा झाला. "एकोणतीस हजार भरा, बाकीचे तीस हजार दरमहा एक टक्का व्याजाने." हा एक टक्का फ्लॅट असतो. तीस हजारांवर दोन वर्षांत ७,२०० व्याज, हप्ता १,५५०, आणि मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. घटत्या मुद्दलावर हिशेब मांडला तर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर जातं. मी कॅल्क्युलेटरवर दाखवलं, काका हसून म्हणाले, "अकाउंटवाल्यांना गाडी विकणं अवघड आहे बुवा." पुन्हा विषय काढला नाही. मागितले होते एकोणसाठ, ठरलं साडेपंचावन्नला, ट्रान्सफरसकट. विमा धरून माझ्या आकड्याच्या आत.

फुकट हेल्मेट देत होते, त्यावर आयएसआयची खूण नव्हती. ते परत केलं आणि स्वतःचं विकत आणलं.

आखाजीबद्दल काकांनीच सल्ला दिला आणि तो त्यांच्या धंद्याच्या उलटा होता: "आखाजीला इथे जत्रा असते. मेकॅनिकला सवड नसते, भावही हलत नाही. त्याआधी न्या, पूजा आखाजीला करा." तसंच केलं. काकू खूश, मी पण.

आता कापलेला तारा. दुसरी चावी "आधीच्या मालकाकडे आहे, पाठवून देतो" असं सांगितलं, ती अजून आली नाही. आरसी नावावर व्हायलाही सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला आणि दर वेळी फोन मलाच करावा लागला. "माणूस सुट्टीवर आहे" हे वाक्य मला आता पाठ झालंय. चावीसाठी हजार रुपये राखून ठेवा, चावी हातात आली की द्या. इंजिनाची तीन महिन्यांची हमी पावतीच्या मागे लिहून शिक्का मारून देतात, पण आपण मागितली तरच.

रविवारी जाऊ नका, मेकॅनिक नसतो. मे महिन्यात सकाळी दहाच्या आत जा, नंतर शेडखाली उभं राहवत नाही आणि माणूस घाईत हो म्हणतो.