ए-४ई स्कायहॉक: फुकटच्या विमानातलं उणंदुणं

डीसीएस वर्ल्ड हे संगणकावर लढाऊ विमानं उडवायचं सिम (सिम्युलेटर) फुकट मिळतं, सोबत दोन विमानंही. पण टीएफ-५१डीवर शस्त्रं नाहीत आणि एसयू-२५टीच्या कॉकपिटमधली बटणं माउसने दाबता येत नाहीत. बाकी विमानांना हजारो रुपये मोजायचे. म्हणूनच हौशी मंडळींनी मिळून केलेला ए-४ई स्कायहॉक या जुन्या अमेरिकन हल्लेखोर जेटचा मोड (मूळ खेळात वरून घालायची फुकट भर) मला मोलाचा वाटतो.

खरी मजा बॉम्बफेकीत आहे. बॉम्ब कुठे पडेल हे काचेवर दाखवणारा ठिपका इथे नाही. सूर किती अंशांचा, वेग किती, कुठल्या उंचीवर बॉम्ब सोडायचा हे आधी ठरवायचं, त्या हिशेबाने गनसाइटचे (नेम धरायच्या काचेचे) मिल्स, म्हणजे कोनाची बारीक मापं, नॉब फिरवून लावायचे आणि मग ठरल्याप्रमाणेच खाली यायचं. वेग वाढला की बॉम्ब लक्ष्याच्या पुढे जातो. सूर उथळ झाला की मागेच पडतो. जमिनीवरही तेच. नाकाच्या चाकाला स्टिअरिंग नाही, त्यामुळे डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबत धावपट्टी गाठायची. खऱ्या ए-४ई चा हा हट्टीपणा या मंडळींनी गुळगुळीत केला नाही, याचं मला फार कौतुक आहे.

आता उणिवा. मूळ खेळाचं अपडेट आलं की मोड अडखळू शकतो. दुरुस्ती होते ती कुणाला नोकरी-घर सांभाळून वेळ मिळेल तेव्हा. मित्रांसोबत उडायचं तर मोड प्रत्येकाकडे हवा, सर्व्हरवरही हवा. एकाकडे नसला की बेत फिसकटतो. या दोन्ही गोष्टी मी चालवून घेतो.

मला टोचते ती गोष्ट वेगळी. १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या मोहिमांत अर्जेंटिनाचं विमान म्हणून सर्रास हेच उभं करतात. ब्रिटिशांची कॉव्हेंट्री ही युद्धनौका बुडवली ती ए-४बी विमानांनी: इंजिन जुनं जे-६५, शस्त्रं लटकवायला जागा तीनच. ए-४ई ला जे-५२ इंजिन आणि पाच जागा. म्हणजे त्या वैमानिकांना जे नशिबी नव्हतं ते बळ घेऊन आपण त्यांची लढाई लढतो. यात मोड करणाऱ्यांचा दोष नाही, पण मोहीम रचणाऱ्यांनी निदान बाहेरच्या दोन जागा रिकाम्या ठेवाव्यात.

एक पैसा न देता या मंडळींना धारेवर धरणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग येतो. 'चालत नाही' एवढं लिहून कोणाला काय कळणार? लॉग फाइल (खेळ स्वतःच लिहून ठेवतो ती नोंद) जोडा, खेळाची आणि मोडची आवृत्ती लिहा, कुठलं बटण दाबल्यावर काय झालं ते सांगा.

मोड बसवणं सोपं: 'सेव्ह्ड गेम्स'मधल्या डीसीएसच्या फोल्डरात 'मॉड्स', त्यात 'एअरक्राफ्ट', तिथे टाकायचं. नवी आवृत्ती चढवण्याआधी जुनी झिप मात्र जपून ठेवा.