मुलीच्या शिक्षणाच्या नावाने गळ्यात मारलेली पॉलिसी

गाळप हंगाम संपत आला की करवीर तालुक्यातील शेतकऱ्यांच्या खात्यांत उसाची बिले जमा होतात आणि पाठोपाठ बँकेतून फोन येऊ लागतात. कोल्हापुरातील माझ्या शाखेतील एका अधिकाऱ्याने असेच बोलावून घेतले, चहा मागवला आणि "दादा, लेकीच्या कॉलेजचं काय ठरवलंय?" अशी सुरुवात करून सांगितले की, ही सुकन्या समृद्धीसारखीच पण आमच्या बँकेची योजना आहे, १ लाख रुपये एकदाच भरायचे, पाच वर्षांनी दुप्पट मिळतील, शिवाय आयकराच्या ८०सी कलमाखाली कर वाचेल.

प्रत्यक्षात ती एका विमा कंपनीची आयुर्विमा पॉलिसी होती आणि १ लाखाचा हप्ता दरवर्षी, १० वर्षे भरायचा होता. दुसरा हप्ता थकल्याचा मेसेज आला तेव्हा हे उघड झाले. तोवर तो अधिकारी बदलून गेला होता. नव्या साहेबांनी "सही तुमचीच आहे ना?" एवढेच विचारले.

कंपनीकडून प्रस्तावअर्जाची प्रत मागवली, तेव्हा सगळा प्रकार ध्यानात आला. व्यवसायाच्या रकान्यात 'खाजगी नोकरी' होते, वार्षिक उत्पन्न ८ लाख दाखवले होते आणि ई-मेलचा पत्ता माझा नव्हताच. पॉलिसी त्या पत्त्यावर गेली. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती नाकारून, किरकोळ वजावट सोडून, पैसे परत घेता येतात. ती मुदत माझ्या नकळत संपावी यासाठीच ही तजवीज असावी, असे माझे मत आहे. कंपनीचा पडताळणीचा फोन येण्याआधी त्या अधिकाऱ्याने "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर अर्ज अडकेल" असे सांगितले होते, तेही त्याच धोरणातले.

करबचतीची गोष्ट तर हास्यास्पदच. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो आणि मला दुसरे उत्पन्न नाही, मग वाचणार कोणता कर? नोकरदारांनीही ध्यानात घ्यावे की विम्याच्या हप्त्यावरची ही सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि पॉलिसी दोन वर्षांचे हप्ते भरण्याआधी बंद पडली तर आधी घेतलेली वजावट पुन्हा उत्पन्नात धरली जाते.

ज्या सुकन्या समृद्धीचे नाव वापरले गेले, ती सरकारी योजना २०१५ पासून पोस्टात आणि बँकांतही आहे. मुलगी १० वर्षांची होण्याआधी तिच्याच नावाने खाते उघडते, वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, भरणा १५ वर्षे चालतो आणि खाते २१ वर्षांनी पूर्ण होते. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. त्यामुळे हातात मुलीच्या नावाचे पासबुक न पडता बापाच्या नावाची पॉलिसी पडली, तर ती सुकन्या नव्हे.

अशी पॉलिसी कोणाच्या गळ्यात पडली असेल, तर शाखेत हुज्जत घालण्यात वेळ दवडू नये. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माझा अर्ज तेथे दाखल आहे. त्यासोबत सातबारा आणि ऊसबिलाच्या पावत्या जोडल्या आहेत, म्हणजे 'खाजगी नोकरी' कोणी लिहिली याचे उत्तर कंपनीला द्यावे लागेल. पडताळणीच्या फोनचे रेकॉर्डिंगही लेखी मागितले आहे.