सिएटलमध्ये एसी लागतो का? हीट पंप वर्षभर वापरल्यानंतर

सिएटलला नव्यानं येणारी मंडळी भाडं आणि शाळा विचारून झाली की हमखास विचारतात, "घरात एसी लागतो का हो?" माझं उत्तर जरा वाकडं आहे. गार हवेसाठी तो लागतो वर्षातून जेमतेम दोनेक आठवडे. निव्वळ तेवढ्यासाठी दहा-बारा हजार डॉलर घालायला माझं मन झालं नसतं. पण तेच यंत्र हिवाळ्यात उलटं चालून घर गरम करतं, आणि खर्चाचा हिशोब जमला तर तिथेच जमतो. असं दोन्हीकडे चालणारं यंत्र म्हणजे हीट पंप. आमच्याकडे तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बसला. बाहेर एक युनिट, आत दोन: एक खाली बैठकीत, एक वरच्या झोपायच्या खोलीत. एक हिवाळा आणि एक उन्हाळा सरल्यावर हे लिहितेय.

आधी इथल्या हवेबद्दल, कारण सगळं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. सिएटल म्हणजे पाऊस असं समीकरण आहे, पण वर्षाचा पाऊस साधारण १००० मिलिमीटर, म्हणजे आमच्या नागपूरला पडतो जवळपास तेवढाच. फरक इतकाच की तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत भुरभुर पडत राहतो. जुलैत मात्र महिनाभरात पंधराएक मिलिमीटर. म्हणजे उन्हाळा कोरडा. दुपारी पारा २६-२७ च्या आसपास, रात्री समुद्रावरची हवा आली की १३-१४. मुंबईसारखी घामाची चिकचिक नाही. रात्री खिडक्या उघडायच्या, सकाळी आठला बंद करून पडदे ओढायचे, एवढ्यावर इथल्या पिढ्यान्‌पिढ्या निभावल्या. म्हणूनच २०१९ पर्यंत या भागातल्या निम्म्याहून कमी घरांत एसी होता. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हे अगदीच वेगळं चित्र.

मग २०२१ चा जून आला. २६, २७ आणि २८ तारखेला विमानतळावर ओळीनं १०२, १०४ आणि १०८ फॅरनहाइट. शेवटचा आकडा म्हणजे ४२ सेल्सिअस. त्याआधीचा विक्रम होता १०३, तोही २००९ चा. सीमेपलीकडे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात लिटन गावी ४९.६ सेल्सिअस नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव वणव्यात जळालं. त्या प्रांतात उष्णतेनं ६१९ माणसं गेली, बहुतेक सगळी घरातच, आणि त्यांतली बरीचशी सत्तरीच्या पुढची. उन्हात राबणारी नव्हे, चार भिंतींच्या आत बसलेली. त्या उन्हाळ्यानंतर एसी बसवणाऱ्यांची रांग लागली ती अजून पुरती ओसरलेली नाही.

आईबाबा दर उन्हाळ्यात नागपूरहून येतात. एसी घ्यायचं ठरलं तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, "बाप्पा, आम्ही पंचेचाळीसमध्ये कूलरवर राहतो अन् तुम्हाले एकतीसमध्ये एसी पायजे?" ऐकायला बिनतोड. पण २०२५ च्या ऑगस्टमधल्या उकाड्याच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर मुलांच्या खोलीत दुपारची झोप काढायला गेले आणि अर्ध्या तासात खाली आले. त्यांच्या घराला जाड भिंती, वर छज्जा, प्रत्येक खोलीत छताचा पंखा आणि खिडकीत कूलर. इथलं घर लाकडी सांगाड्याचं, भिंतीत आणि पोटमाळ्यावर फायबरचा कापूस भरलेला, खाली गालिचा, पंखा एकाही खोलीत नाही. सगळं बांधकाम उष्णता आत धरून ठेवण्यासाठी. खिडकी सरकती, म्हणजे अर्धीच उघडते. त्यात आपण ४७ अंश अक्षांशावर, जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. पश्चिमेच्या काचेवर चार-पाच तास तिरपं ऊन येतं आणि ते अडवायला बाहेर काहीच नसतं. आतला पडदा इथे फारसा कामाचा नाही. ऊन काचेतून आत आलं की उष्णता आतच राहते. बाहेर ३२ असताना वरची खोली संध्याकाळी सातला ३५ दाखवायची. घर बांधणाऱ्यांनी पश्चिमेला हातभर छज्जे काढले असते तर या शहरात निम्मे एसी विकले गेले नसते, असं माझं ठाम मत आहे.

कूलरचंही सांगते, कारण नागपूरकर विचारणारच. हवा कोरडी असल्यानं तो इथे चांगला चालेल. पण जवळच्या दुकानांत आपल्यासारखे मोठे कूलर मिळत नाहीत. शिवाय त्याला खिडकी उघडी लागते, आणि इथे खिडकी नेमकी नको तेव्हा बंद करावी लागते.

ती बंद करायला लावतो वणव्याचा धूर. माझ्या मते एसीच्या बाजूनं सगळ्यात जड मुद्दा हाच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आठवडाभर शहरावर पिवळट धूर बसला होता. २०२२ मध्ये तर ऑक्टोबरच्या मध्यात पारा ८८ फॅरनहाइटवर (३१ सेल्सिअस) गेला आणि त्याच आठवड्यात बोल्ट क्रीकच्या वणव्याचा धूर उतरून सिएटलची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात वाईट ठरली. रात्री खिडक्या उघडून घर गार करायचं ही इथली सारी युक्ती अशा रात्री मातीमोल होते. दार-खिडक्या बंद ठेवायच्या तर आतली उष्णता बाहेर काढायला काहीतरी यंत्र हवंच. इथे एक गैरसमजही दूर करते: भिंतीवरच्या स्प्लिटची जाळी धूर गाळत नाही. ती फक्त धूळ आणि केस अडवते. धुरासाठी हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, गाळणीचं वेगळं यंत्र लागतं, नाहीतर चौकोनी पंख्याला मर्व्ह १३ दर्जाच्या (ह्याही बारीक कण अडवतात) चार गाळण्या चिकटवून घरीच खोका बनवा. आम्ही तसाच बनवलाय. दिसायला ओबडधोबड, कामाला चोख.

बसवायच्या आधी तिघांकडून दर घेतले, ते साडेअकरा ते अठरा हजार डॉलर. सगळ्यात महाग सांगणाऱ्यानं टेप बाहेरही काढली नाही. चौरस फूट विचारून बैठकीला दोन टनाचं युनिट लिहून मोकळा झाला. सौम्य हवेत ही चूक फार महागात पडते. इन्व्हर्टर, म्हणजे गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारा, असला तरी यंत्राला एका मर्यादेखाली मंद होता येत नाही. इथे हिवाळ्यात बहुतेक वेळ बाहेर ५ ते १० अंश असतात, तेव्हा घराला उष्णता थोडीच लागते. मोठं यंत्र पाच मिनिटं चालतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. वीज जास्त, कॉम्प्रेसरची झीज जास्त. ज्यानं खिडक्या मोजून, मॅन्युअल जे पद्धतीनं खोलीवार उष्णतेचा हिशोब काढला, त्यालाच काम दिलं. बैठकीला दीड टन, झोपायच्या खोलीला पाऊण टन. भर थंडीतही पुरलं.

उन्हाळ्यातला अनुभव थोडक्यात संपतो, कारण वापरच थोडा. झोपायच्या खोलीतलं युनिट २५ वर ठेवलं की रात्रभर आवाज जाणवत नाही. वीज इतकी कमी खातं की एका रात्रीचा खर्च अर्धा डॉलरही होत नाही. बैठकीतलं गारव्यासाठी क्वचितच लावलं. मुलांच्या खोलीत युनिट नाही, तेव्हा उकाड्याच्या दिवसांत सगळे आमच्या खोलीत गाद्या टाकून झोपतात. तक्रार कुणाचीच नाही, बाबांचीही.

हिवाळा वेगळा. आमचं घर १९७० च्या दशकातलं, भिंतीच्या कडेनं खाली बसवलेले विजेचे बेसबोर्ड हीटर. त्यांत एक युनिट विजेची एक युनिटच उष्णता होते. हीट पंप इथल्या नेहमीच्या थंडीत एकाची तीनच्या आसपास करतो. जानेवारीचं बिल पूर्वी चारशे डॉलरच्या घरात जायचं, ते अडीचशेच्या आसपास आलं. वर्षाची बचत धरा आठ-साडेआठशे. आम्हाला साडेबारा हजारांच्या आतबाहेर खर्च आला, त्यातले दोन हजार केंद्राच्या करसवलतीतून सुटले. म्हणजे भरपाईला बारा-तेरा वर्षं. ती सवलत २०२५ अखेर बंद झाली, तेव्हा यापुढे घेणाऱ्यांनी हिशोब आणखी कडक करावा. तुमच्याकडे घर गरम करणारी गॅसची भट्टी चांगली चालू असेल तर माझे आकडे तुम्हाला लागू नाहीत.

खटकलेल्या गोष्टी आहेतच. पारा १ ते ४ अंशांवर आणि हवा दमट, हे इथलं हिवाळ्यातलं हुकमी मिश्रण. त्यात बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवायला यंत्र अधूनमधून काही मिनिटं उलटं फिरतं, तेवढ्यात आत गरम हवा थांबते आणि बाहेर वाफेचा लोट उठतो. दुसरं, वीज गेली की सगळंच गेलं. १९ नोव्हेंबर २०२४ च्या वादळात लाखो घरं अंधारात गेली, त्यात आमचंही. ते दिवस लाकडाच्या शेगडीनं तारलं. ती शेगडी काढून टाका असं सुचवणाऱ्यांचं ऐकलं नाही ते बरं झालं. तिसरं, हिवाळ्यात खिडक्यांवर पाणी सुटतं, कोपऱ्यात बुरशी येते, त्यावर हीट पंपचा काही उपयोग नाही. रिमोटवर ड्राय मोड आहे, पण तो खोली गार करूनच ओल काढतो. जानेवारीत कोण लावणार? त्यासाठी वेगळा डीह्युमिडिफायर ठेवलाय. आणि गारव्यासाठी वापरून झाल्यावर तासभर नुसता पंखा चालवून कॉइल सुकवा, नाहीतर पुढच्या वेळी सुरू केल्या केल्या कुबट वास येतो.

मुलांच्या खोलीत तिसरं युनिट बसवायचा विचार नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून गुंडाळायचा पडदा लावणार आहोत, दीड-दोनशे डॉलरचं काम.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना यातलं बरंचसं करता येत नाही. इथल्या सरकत्या खिडकीत नेहमीचा खिडकीचा एसी बसत नाही, त्यामुळे चाकांवरचा पोर्टेबल उरतो. तो घ्यायचाच तर दोन नळ्यांचा घ्या. एका नळीचा खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत ओढतो. घरमालकाशी आधी बोला. शेजारच्या ओरेगनमध्ये २०२२ च्या कायद्यानंतर भाडेकरूच्या एसीला सरसकट बंदी घालता येत नाही, पण दर राज्यात तसं असेलच असं नाही. आणि खरेदी मे संपायच्या आत उरका. जूनमध्ये उकाड्याचा अंदाज जाहीर झाला की संध्याकाळपर्यंत दुकानांतले रॅक रिकामे होतात.