अडीनडीचा रेडिओ: हँडल आणि सोलरला भुलण्याआधी बँड बघा

वळवाच्या वादळात रावेर-यावलकडे केळीसोबत विजेचे खांबही आडवे होतात. मग लाइट कधी येईल याचा नेम नाही. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात. अशा वेळी तापीकाठाला बातमीसाठी हाताशी उरतो तो रेडिओ.

ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसतो तो हँडल फिरवून चार्ज करायचा 'इमर्जन्सी रेडिओ': सोलर पट्टी, टॉर्च, सायरन, मोबाइल चार्जिंग, सगळं एकात. त्यावरचं 'डब्ल्यूबी' (वेदर बँड) बटण आपल्याकडे बिनकामाचं. तो अमेरिकेच्या हवामान खात्याचा १६२ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, इथे त्यावर काहीच लागत नाही.

खरी गोम एएममध्ये, म्हणजे मध्यम लहरीत आहे. जळगाव आकाशवाणी तिथे ९६३ किलोहर्ट्झला. आपल्याकडची एएम केंद्रं ९-९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने बसवलेली आहेत, अमेरिकेतली १०-१० च्या. अमेरिकेसाठी बनवलेला डिजिटल सेट ९६० वरून थेट ९७० वर उडी मारतो, त्यामुळे जळगाव लागलं तरी आवाज फाटका येतो. म्हणून ९/१० निवडायची सोय आहे का ते विचारा. काट्याचा जुन्या पद्धतीचा सेट असेल तर हा प्रश्नच नाही. नुसत्या एफएमवर मात्र विसंबू नका. त्या लहरी सरळ जातात आणि सातपुड्याच्या घड्यांत अडतात. मध्यम लहर जमिनीला धरून लांब पोचते.

सेट दुकानातच लावून बघा. एएमचा अँटेना आतली फेराइटची (चुंबकीय पदार्थाची) दांडी असते, ओढायची काडी फक्त एफएमला लागते. म्हणून सेट आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. आवाज कमी-जास्त होत गेला तर दांडी काम करतेय. दांडी जितकी लांब तितकं बरं, आणि हँडलवाल्या छोट्या सेटांत ती बोटाएवढीच असते. एलईडी बल्ब, चार्जर किंवा इन्व्हर्टर जवळ असला की खरखर होते. दोन-चार हात लांब जाऊन पुन्हा ऐका, नाहीतर चांगला सेट खराब समजून परत कराल.

विजेचा हिशेब साधा आहे. आत २००० मिलीअँपिअर-तासांचा लिथियम सेल आणि पट्टी ५० मिलीअँपिअर देणारी, म्हणजे पूर्ण चार्जिंगला ४० तास कडक ऊन. बरं, लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात भुसावळला सावलीतलाच पारा तिथे टेकतो. गच्चीवर ठेवलेला काळा डबा त्याहून कितीतरी तापतो, सेल फुगतो. चार्जिंग सकाळच्या कोवळ्या उन्हातच करा. हँडल मिनिटभर फिरवून बेताच्या आवाजात काही मिनिटं मिळतात. नडीला ठीक, रात्रभर नाही.

आमची पसंती: पेन्सिल सेल किंवा मोठ्या सेलवर चालणारा साधा एएम-एफएम सेट. हळू आवाजात ४० मिलीअँपिअर ओढणारा रेडिओ दोन चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलवर ५० तासांच्या आसपास चालतो, आणि सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. हँडलवाला हवाच असेल तर सेलचा खण असलेला घ्या, तोही घरातला दुसरा म्हणून.

सेल आत ठेवून सेट कपाटात टाकू नका. ते पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी, बुरशीसारखी पूड धरते. ती व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून कोरडी करता येते, पण सेलला टेकणारी धातूची पट्टी खाल्ली गेली असेल तर बदलावीच लागते. सेल वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दरवर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), वादळं सुरू व्हायच्या आत, घालून ९६३ लावून बघा.