येऊर की तलावपाळी?

आठवडाभर लोकलमध्ये उभं राहून दमलेल्या ठाणेकराने विसाव्यासाठी कुठे जावं? माझं उत्तर वारावर ठरतं.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं हे जंगल शहराला इतकं लगटून आहे, हे आपलं भाग्यच. उपवन तलाव मागे टाकून चढ सुरू झाला की हवाच बदलते. थंडी सरता सरता पळस आणि काटेसावर फुलतात, पहाटे पक्ष्यांचा नुसता कल्ला असतो. पण येऊर अख्खी सकाळ मागतं. घाईघाईत फोटो काढून परतलात तर हाती काही लागत नाही. शिवाय ते बिबट्याचं आणि पाड्यांवरच्या आदिवासींचं घर आहे. तिथे स्पीकर लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तलावपाळी म्हणजे ठाणे स्टेशनजवळच्या मासुंदा तलावाचा काठ. तिथे शांतता नाही. रिक्षांचे हॉर्न, भेळवाले, गर्दी, सगळं आहे. तरीही स्टेशनवरून चालत यावं, कोपिनेश्वराला हात जोडावेत, फोन पिशवीत टाकून मासुंद्याच्या काठाने सावकाश एक फेरी मारावी. खांदे सैल पडतात. त्यासाठी वेगळी सुट्टी लागत नाही, म्हणून कामाच्या दिवसांत मी तलावपाळीच निवडेन.

येऊरला मात्र रविवार टाळा. आडवारी रजा घ्या, वनविभागाच्या वेळा आधी बघा आणि पाण्याची रिकामी बाटली परत घेऊन या.