ड्युअल बूट बिघडलं: बूट-रिपेअर चालवावं की ग्रब हाताने बसवावं?

ड्युअल बूट म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स. यातलं कुठलं सुरू करायचं ते विचारणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब. कधी ग्रबचा मेनू न येता थेट विंडोज उघडतं, किंवा मेनू येतो पण त्यातली विंडोजची ओळच गायब असते. दोन्ही दुखण्यांवर मी दोन्ही औषधं करून पाहिली आहेत. एक, लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करता लिनक्स चालतं) बूट-रिपेअर हे दुरुस्तीचं टूल. दुसरं, त्याच पेनड्राइव्हवरून सीएचरूट करून (म्हणजे डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून) ग्रब हाताने बसवणं.

त्याआधी फर्मवेअरचा (बायोस/यूईएफआयचा) बूट मेनू उघडून बघाच. बऱ्याचदा ग्रब जागेवर असतं, फक्त क्रमात खाली ढकललेलं असतं. क्रम बदलला की काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही.

बूट-रिपेअर सोपं आहे, यात वाद नाही. पीपीए (सॉफ्टवेअरचा जादा स्रोत) जोडा, इन्स्टॉल करा, 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. लाइव्ह सेशनमध्ये इंटरनेट तेवढं हवं. माझं लिनक्स पहिल्याच फटक्यात सुरू झालं आणि मी खूश होतो, मेनू नीट वाचेपर्यंत. विंडोजच्या ओळी तीन! एक चालणारी, दोन नुसत्या शोभेच्या. ईएफआय पार्टिशनवर (डिस्कचा बूटच्या फाइल्स असलेला भाग) सापडलेल्या फाइल्ससाठी हे टूल ग्रब.डी फोल्डरमध्ये '२५_कस्टम' नावाची फाइल तयार करतं, या ओळी तिथून आलेल्या. रोज कॉम्प्युटर लावला की ती रांग दिसायची आणि घाईत हमखास चुकीच्या ओळीवर एंटर बसायचा. शेवटी ती फाइल उडवून 'अपडेट-ग्रब' ही मेनू नव्याने बनवणारी कमांड चालवली. म्हणजे टर्मिनल टाळायला जे टूल घेतलं, त्याची आवराआवर टर्मिनलमध्येच करावी लागली. माझं मन तिथेच फिरलं.

हाताने करायचं तर रूट पार्टिशन माउंट करा, त्यातल्या बूट-ईएफआयवर ईएफआय पार्टिशन माउंट करा, डेव्ह-प्रॉक-सिस हे सिस्टिमचे फोल्डर बाइंड करा (आत जोडा), सीएचरूट करून 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. यातही खाचखळगे आहेत. सिस नुसतं बाइंड केलं तर ईएफआय व्हेरिएबल्स (फर्मवेअरमधल्या बूटच्या नोंदी) आत पोचत नाहीत आणि ग्रब-इन्स्टॉल कुरकुर करतं, म्हणून आर-बाइंड करा (आतल्या फोल्डरांसकट जोडा). पेनड्राइव्ह लेगसी (जुन्या बायोसच्या) मोडमध्ये बूट झाला असेल तर ग्रब भलत्याच पद्धतीचं बसायला बघतं. बीटीआरएफएस फाइल सिस्टिम किंवा एन्क्रिप्टेड डिस्क असेल तर आणखी चार पायऱ्या. पहिल्या वेळी माझी अख्खी संध्याकाळ गेली, हे कबूल.

पण काय बिघडलं होतं ते कळलं. विंडोजची ओळ गायब होण्याचं कारण तर अगदीच किरकोळ निघालं: २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर'पुढे 'फॉल्स' लिहायचं आणि अपडेट-ग्रब चालवायचं. लिनक्स सुरू होत असेल तर यासाठी पेनड्राइव्हसुद्धा लागत नाही.

टर्मिनलची सवयच नसेल आणि सकाळी काम अडणार असेल, तर बूट-रिपेअर वापरणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही. फक्त ॲडव्हान्स्ड पर्यायांत विंडोजच्या ईएफआय फाइल्सची नावं बदलण्याची जी खूण आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि दुरुस्तीचं बटण दाबण्याआधी 'बूटइन्फो समरी' (डिस्क आणि बूटच्या माहितीचा अहवाल) काढून ठेवा. हाताने करायची वेळ आलीच, तर कुठलं पार्टिशन माउंट करायचं ते त्यातच सापडतं.