उभ्या कॅम्पर व्हॅनची ‘मेलेली’ बॅटरी आणि ४२ हजारांचा चुना

पावसाळाभर कॅम्पर व्हॅन कुठेतरी उभी करून ठेवायची आणि दिवाळीच्या तोंडावर बाहेर काढायची, असं करणारे मुंबईत आता बरेच झाले आहेत. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून तर हौस वाढलीच आहे. गाडी काढायला जावं, किल्ली फिरवावी आणि आतून नुसतं ‘टक्’ ऐकू यावं, हेही तितकंच नेहमीचं. त्या ‘टक्’वर पोट भरणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी एकाने आमचे ४२,५०० रुपये कसे नेले ते सविस्तर लिहितोय, कारण त्याची पद्धत अगदी साधी होती आणि ती कोणावरही चालेल.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बनवून घेतलेली कॅम्पर, माझ्या आणि मेहुण्याच्या भागीदारीत. बोरिवलीला आमच्या सोसायटीत एवढं धूड उभं करू देत नाहीत. म्हणून दहिसरला एका पैसे देऊन पार्किंगच्या मोकळ्या प्लॉटवर, टुरिस्ट बस आणि मंडपवाल्यांच्या टेम्पोंच्या रांगेत ती जूनमध्ये लावली. ऑक्टोबरात गुहागरला जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी गेलो तर ना इंजिन सुरू होतंय, ना आतले दिवे लागतायत.

प्लॉटच्या वॉचमनने लगेच फोन काढला. ‘आपला बॅटरीवाला आहे, दहा मिनिटांत येतो.’ खरोखर दहा मिनिटांत आला. एवढी तत्परता मुंबईत अँब्युलन्सही दाखवत नाही, पण सुट्टीवर निघालेल्या माणसाला हा विचार सुचत नाही.

पुढचं कळायला गाडीची रचना माहीत हवी. अशा गाडीत वीज दोन ठिकाणी असते. एक इंजिनची बॅटरी, स्टार्टर फिरवणारी. दुसरी ‘घरची’, म्हणजे दिवे, पंखे, फ्रिज आणि इन्व्हर्टर चालवणारी. आमच्याकडे १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या बिछान्याखाली समांतर जोडलेल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप जोडला-तोडला जाणारा स्विच, असतो. इंजिन चालू होऊन पुढच्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीवर साधारण १३.३ व्होल्ट झाले की तो जोडला जातो आणि मगच अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची वीज मागच्या, ‘घरच्या’ बॅटऱ्यांपर्यंत पोचते.

बॅटरीवाल्याने टर्मिनलवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी मारून बघितली. ठिणगी बारीक आली. मग स्वतःचा मीटर लावला आणि मागच्या बॅटऱ्यांवर नऊ-सव्वानऊचा आकडा दाखवला. ‘साहेब, बारा पायजे, नऊ आहे. सेल शॉर्ट झालेत. तिन्ही बॅटऱ्या गेल्या.’ त्यानंतर त्याच्या बॅटरीने इंजिन सुरू करून दिलं आणि पुन्हा मागच्याच बॅटरीवर मीटर लावला. अजूनही दहाच्या आत. ‘बघा, अल्टरनेटर चार्जिंगच देत नाय. त्यानेच तुमच्या बॅटऱ्या खाल्ल्या.’ इन्व्हर्टरचा बोर्डही जळालेला निघाला, अर्थात त्याच्याच तोंडून.

हिशोब असा झाला: दोन नव्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांचे ३१,०००, अल्टरनेटर ‘रिबिल्ड’ ७,५०० आणि इन्व्हर्टरचा बोर्ड ४,०००. जुन्या दोन ‘स्क्रॅप’ म्हणून त्यानेच घेतल्या आणि तेवढ्या बदल्यात मजुरी माफ केली. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल, असं म्हणून डायरीच्या पानावर आकडे लिहून दिले. पैसे यूपीआयने घेतले, पण समोर आलेलं नाव दुकानाचं नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. इंजिनची बॅटरी मात्र बदलायची राहिली, कारण तिच्या क्लॅम्पचे बोल्ट गंजून बसले होते आणि रात्र झाली होती. ‘परत आलात की ती पण टाकू,’ म्हणाला. गाडी धक्का-स्टार्ट करून न्या, एवढा सल्ला फुकट. ते न सुटलेले बोल्ट पुढे आमच्या फार उपयोगी पडले.

गुहागरला पहिल्याच रात्री फ्रिज बंद पडला. गाडी दिवसभर चाललेली, बॅटऱ्या नव्या, तरी ही गत.

परत आल्यावर आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आले. बेस्टच्या डेपोत बसच्या इलेक्ट्रिकल कामावर आयुष्य गेलेला माणूस. ठिणगीची गोष्ट ऐकूनच त्यांचं डोकं फिरलं. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, बंद गाडीत तो साठलेला असला तर एका ठिणगीने बॅटरीचं झाकण तोंडावर येऊ शकतं. शिवाय त्या ठिणगीतून कळत काहीच नाही. उतरलेली चांगली बॅटरी आणि मेलेली बॅटरी, दोघीही सारखीच केविलवाणी ठिणगी देतात.

सगळी फसवणूक याच एका गोष्टीवर उभी होती. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. पूर्ण भरून काही तास शांत ठेवली की ती १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२च्या आसपास अर्धी उरलेली असते, ११.८च्या खाली रिकामी. एक सेल खरोखर शॉर्ट झाला तर भरलेली बॅटरीही साडेदहाच्या आसपास अडकते. पण पार उतरलेली धडधाकट बॅटरीही तेवढेच, किंवा त्याहून कमी व्होल्ट दाखवते. म्हणजे रिकाम्या बॅटरीवर मीटर लावून ‘सेल गेला’ म्हणणं हे निदानच नव्हे. आधी सावकाश चार्ज करायची, मग विश्रांती द्यायची, मग लोड टाकून बघायची. यात एक रात्र तरी जाते, आणि नेमकी तीच रात्र तो माणूस तुम्हाला मिळू देत नाही.

काकांनी इंजिनची बॅटरी, म्हणजे त्या तीन ‘गेलेल्यांपैकी’ हाताशी उरलेली एकच, डब्ल्यूडी-४०ची फवारणी करून सोडवली आणि घरी नेऊन कमी अँपिअरवर दोन रात्री चार्जिंगला लावली. दिवसभर तशीच ठेवल्यावर ती १२.५वर टिकली. महिना-दोन महिने रिकामी पडल्यामुळे प्लेटांवर सल्फेट धरलं असणार, थोडी ताकद गेलीच असेल. पण गाडी आजही त्याच बॅटरीवर सुरू होते.

मागच्या दोन खरंच गेल्या होत्या का, हे आता कळायला मार्ग नाही, कारण त्या त्याने नेल्या. मला सगळ्यात चीड याची येते. त्या बॅटऱ्यांची वॉरंटी चालू होती. गेल्या असत्या तरी कंपनीच्या अधिकृत डीलरने चार्ज करून, तपासून, बसत असेल तर बदलून दिल्या असत्या. तपासणीला पैसे पडले नसते. त्याने ‘स्क्रॅप’ म्हणून नेलं ते नुसतं शिसं नव्हतं, सिरियल नंबरासकट चालू वॉरंटी होती. गाडीतल्या फाइलमधलं वॉरंटी कार्डही गायब आहे. त्याचा फोटो मेहुण्याच्या फोनमध्ये निघाला, तेवढंच नशीब.

आणि दिल्या त्या ‘नव्या’ बॅटऱ्या? स्टिकर कोरा करकरीत, पण जिथे कंपनी महिन्या-वर्षाचा कोड उमटवते ती जागा घासून गुळगुळीत केलेली. व्हेंटची झाकणं दोन वेगळ्या रंगांची. झाकणाच्या कडेला ताज्या डिंकासारखा चिकटपणा. काकांनी हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी, घातला तर एका बॅटरीत पाच सेल १.२४०च्या आसपास आणि सहावा १.१४०. आकडा जितका जास्त तितका सेल भरलेला. मुख्य म्हणजे सहाही सेल एकसारखे हवेत, एक जरी असा मागे पडला तर तो बाकीच्या पाचांनाही घेऊन बुडतो. त्या संध्याकाळी त्याने आम्हाला १३.१ व्होल्ट दाखवले होते ते चार्जरवरून काढल्या-काढल्या. त्याला सरफेस चार्ज म्हणतात. थोडा वेळ दिवे-पंखे लावून ठेवले की तो उतरतो. या बॅटऱ्या फ्रिज लावल्यावर बघता बघता अकराच्या खाली आल्या.

अल्टरनेटरचं तर हसूच येतं. ‘रिबिल्ड’ केलेल्या अल्टरनेटरच्या बोल्टवर दोन पावसाळ्यांचा चिखल जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडा नाही. तो जागचा हललाच नव्हता. काकांनी मीटर पुढच्या बॅटरीवर लावला तेव्हा इंजिन चालू असताना १४.२ आले, म्हणजे ठणठणीत. बॅटरीवाल्याने मुद्दाम मागच्या बॅटरीवर मीटर लावला होता. पुढची पार उतरलेली असल्यामुळे १३.३ यायला वेळ लागतो, तोवर रिले जोडलाच जात नाही आणि मागे चार्जिंग दिसत नाही. हे त्याला पक्कं माहीत होतं. अडाणी मिस्त्री असा चुकला असता तर मी सोडून दिलं असतं.

इन्व्हर्टरचा जुना बोर्ड मागितला तर ‘कचऱ्यात गेला.’ काकांनी इन्व्हर्टर उघडून बघितला, आत सगळीकडे सारखीच धूळ. बदलला होता तो वायरीवरचा एक फ्यूज.

बॅटऱ्या मुळात का उतरल्या, तेही सांगतो, कारण अशा बऱ्याच गाड्यांत हेच निघेल. आमच्या गाडीला बॅटरीची वीज तोडणारा कटऑफ स्विच आहे आणि तो जूनमध्ये बंदच केला होता. पण गाडी बनवणाऱ्याने तो फक्त दिवे-पंखे-फ्रिजच्या फ्यूज बॉक्सला लावला होता. इन्व्हर्टरची जाड वायर थेट बॅटरीवर. काकांनी क्लॅम्प मीटर लावला तेव्हा काहीही न चालवता इन्व्हर्टर जवळपास एक अँपिअर ओढत होता. एक अँपिअर म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-अवर, आणि आमच्याकडे होते ३००. दोन आठवडेही पुरत नाहीत. पुढच्या बॅटरीवर जीपीएस ट्रॅकर आणि स्टिरिओची मेमरी, मिळून ६० मिलिअँपिअर. ऐकायला किरकोळ, पण महिन्याला ४३ अँपिअर-अवर जातात. बॅटरी स्वतःहूनही उतरते, आणि मुंबईच्या उकाड्यात जरा जास्तच वेगाने. वर चॅसिसला जाणारी अर्थची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी झालेली. ती घासून घट्ट केल्यावर स्टार्टर वेगळ्याच जोमाने फिरला.

आता इन्व्हर्टरची वायरही कटऑफच्या पलीकडे घेतली आहे. गाडी उभी करताना निगेटिव्ह काढून ठेवतो आणि महिन्यातून एकदा चार्जर लावून येतो. लॅमिंग्टन रोडवर साधा मल्टिमीटर हजाराच्या आत मिळतो. तो गाडीतच असतो आणि मीटर कुठल्या बॅटरीवर लावायचा हे मी ठरवतो. कोणी बॅटरी न्यायला निघालाच तर आधी तिच्या सिरियल नंबरचा फोटो, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत आपल्या हातात.

बॅटरीवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘माल बदलून देतो, पैसे नाही.’ वॉचमनला काहीच आठवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली, पण नाव-पत्ता नसलेल्या टपरीवाल्यापुढे तिचंही फारसं चालत नाही. म्हणून विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायतीत विचारून घेतलं आणि उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, वांद्र्याला, तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. पुरावा म्हणून डायरीचं पान, घासलेल्या कोडचे फोटो, हायड्रोमीटरच्या रीडिंगचा व्हिडिओ आणि यूपीआयची नोंद जोडली आहे. सामनेवाला म्हणून बॅटरीवाल्याबरोबर ज्या बाईंच्या खात्यात पैसे गेले त्यांचंही नाव घातलंय. नोटीस तिकडे जाईल असं कळल्यापासून बॅटरीवाल्याचे रोज फोन येतायत, आणि आता तो पैसे परत द्यायचं म्हणतोय, अर्धे.